न्यू कॅलेडोनियाची पाल, आर्वीचा उन्हाळा

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातून एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलाने पुण्यात शिकत असताना एक क्रेस्टेड गेको (परदेशी जातीची पाल) पाळला होता. नोकरीसाठी परराज्यात जाताना त्याने तो आईच्या स्वाधीन केला. घरात त्याचे नाव ‘भुऱ्या’ पडले आहे. त्या लिहितात :

“डॉक्टरसाहेब, मुलाने दिलेली पावडर महिनाभर पुरली. ती संपल्यापासून मी दुधात केळे कुस्करून, वरून थोडा मध घालून देते. घरची संत्री आहेत, त्यांच्या फोडीही ठेवते. अंगणातल्या दिव्याखाली पडणारे किडे आमचा गडी रात्री पकडून आणतो. फेब्रुवारीपर्यंत सगळे ठीक होते, पण मागचे आठ-दहा दिवस तो काही खाऊनच नाही राहिला. दिवसभर पेटीच्या तळाशी पडून असतो. खालचा जबडा जरासा वाकडा वाटतो, की मलाच भास होतो कोण जाणे. सासूबाईंना पाल घरात चालत नाही, म्हणून पेटी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवली आहे. त्याला काय द्यावे, किती द्यावे, आणि त्या पावडरीला घरगुती पर्याय आहे का, ते कृपया सांगावे.”

ताई, सप्रेम नमस्कार.

माझी सारी नोकरी बैल, गायी आणि शेळ्या यांच्यात गेली. आपल्या भागात अशा परदेशी पाली दिसू लागल्या त्या अगदी अलीकडे. पहिली क्रेस्टेड गेको तपासायला आली, तेव्हा मीही आधी पुस्तक उघडले आणि मगच तिला हात लावला. तुम्ही दूध, केळे आणि मध दिलेत त्यात प्रेमाची कमतरता कुठेच नाही. आजारी लेकराला आपण जे देतो तेच तुम्ही त्याला दिले. अडचण एवढीच की त्याचे पोट लेकराचे नाही.

आहाराविषयी लिहिण्याआधी मला टिनाच्या खोलीविषयी लिहावे लागेल, कारण भुऱ्याचे न खाणे बहुधा तिथूनच सुरू झाले आहे. क्रेस्टेड गेको ही मूळची न्यू कॅलेडोनियाची पाल. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, दक्षिण प्रशांत महासागरात फ्रान्सच्या अखत्यारीतील ही बेटे आहेत. तेथील दमट, सावलीच्या जंगलात ही पाल झाडाझुडपांवर राहते, दिवसा पानांआड झोपते आणि रात्री खायला बाहेर पडते. २२ ते २६ अंश सेल्सिअस हे तिच्या सुखाचे तापमान. २८ अंशांच्या पुढे तिला त्रास होऊ लागतो आणि ३० अंशांच्या वर ती फार काळ राहिली तर जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे मार्चअखेरीस दुपारचा पारा चाळिशीला टेकतो आणि मे महिन्यात ४५ च्या पुढे गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. त्यात टिनाचे छप्पर म्हणजे भट्टीच. सरपटणाऱ्या प्राण्याचे शरीर स्वतःची उष्णता स्वतः राखत नसल्यामुळे खोली जेवढी तापते तेवढाच तोही तापतो, आणि असा तापलेला प्राणी समोर अमृत ठेवले तरी तोंड लावत नाही. पेटीच्या तळाशी पडून राहणे म्हणजे त्याने आपल्या परीने गारवा शोधणे होय.

म्हणून हे पत्र वाचून होताच भुऱ्याला खाली आणावे. घरातील सर्वांत थंड जागा, म्हणजे जुन्या मातीच्या भिंतींचे माजघर किंवा ज्या खोलीत कूलर चालतो ती खोली निवडावी आणि पेटी उंचावर न ठेवता जमिनीलगत ठेवावी, कारण गरम हवा वर चढते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर या प्राण्याला फार मानवतो. तो खोली गार करतो आणि हवेत ओलावाही भरतो. मात्र कूलरचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये. दुपारी वीज गेली तर बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवून ठेवावी आणि जाळीच्या अर्ध्या भागावर ओले सुती कापड टाकावे. बाजारात मिळणारा साधा तापमापक पेटीत लावल्याशिवाय यातले काहीही अंदाजाने करू नये. जागा बदलल्यानंतर तीन-चार रात्रींत भूक परतली, तर न खाण्याचे कारण सापडले असे समजा.

सासूबाईंचा आक्षेप मी धुडकावणार नाही. भारतातील कोणतीही पाल विषारी नाही आणि भुऱ्या तर मुळीच नाही. परंतु पाली आणि इतर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि ते माणसाच्या पोटात गेले तर जुलाब व ताप येतो. म्हणजे ‘पाल स्वयंपाकघरात नको’ हा त्यांचा नियम योग्यच आहे. पेटी माजघरात चालेल, चुलीजवळ नाही. त्याच्या वाट्या वेगळ्या ठेवाव्यात आणि घरच्या भांड्यांसोबत घासू नयेत, आणि त्याला किंवा त्याच्या पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. एवढे पाळलेत तर त्यांचेही समाधान होईल असे वाटते.

आता जबडा. तुम्हाला भास झाला असेल तर उत्तमच, परंतु दुधात कुस्करलेले केळे महिनोन्महिने खाणाऱ्या पालीचा जबडा वाकणे हा नेहमी दिसणारा प्रकार आहे, त्यामुळे मी तो भास मानायला तयार नाही. कारण समजून घ्या, कारण पुढचा सगळा आहार त्यावरच उभा आहे.

हाडांना कॅल्शियम लागते हे आपण सगळे जाणतो. ते कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायचे तर ड जीवनसत्त्व, त्यातही ड३, लागते. शिवाय आहारातील फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा जास्त झाला तर तो कॅल्शियमला अडवून धरतो. म्हणून या पालींच्या आहारात कॅल्शियम दोन भाग आणि फॉस्फरस एक भाग असे प्रमाण असावे असे मानतात. हे प्रमाण उलटे झाले की रक्तातील कॅल्शियम घटते, आणि रक्तातला तुटवडा भरून काढण्यासाठी शरीर स्वतःच्याच हाडांतून ते काढू लागते. घरात धान्य नसले की पेरणीचे बियाणे जात्यात घालण्यासारखे हे आहे. आजचा दिवस निघतो, पुढचा हंगाम मात्र बुडतो. आधी जबडा मऊ पडून रबरासारखा वाकतो, मग पाय थरथरतात, शेपटीला किंवा पाठीला पीळ पडतो, आणि काचेवर सहज चढणारा प्राणी घसरून खाली पडू लागतो. क्रेस्टेड गेकोच्या टाळूत मागच्या बाजूस कॅल्शियम साठवणाऱ्या दोन पांढऱ्या पिशव्या असतात. या विषयातील जाणकार डॉक्टर तोंड हळूच उघडून त्या भरलेल्या आहेत की रिकाम्या, ते पाहतात. तुम्ही स्वतः तोंड उघडण्याचा प्रयत्न करू नये. मऊ पडलेला जबडा जोर लागला तर मोडेल.

१०० ग्रॅम केळ्यात सुमारे ५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि फॉस्फरस सुमारे २२ मिलिग्रॅम. म्हणजे जे प्रमाण दोनास एक हवे, ते केळ्यात एकास चार आहे, तेही उलट्या बाजूने. दुधात कॅल्शियम भरपूर असते हे खरे, पण दुधातील साखर पचवण्याची सोय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पोटात नसते, त्यामुळे त्यांना जुलाब होतात आणि दुधाचा लाभ त्यांना मिळत नाही. मध म्हणजे निव्वळ साखर. त्याने भुऱ्याला गोडाची चटक लागते, एवढेच. दूध आणि मध आजपासून पूर्ण थांबवा, आणि केळे रोजचे खाणे म्हणून बंद करा.

संत्र्यांविषयी लिहिताना, संत्र्यांच्या पट्ट्यातला माणूस म्हणून, मला जरा वाईट वाटते. संत्र्यात कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण खरोखर चांगले आहे, परंतु त्याचा आंबटपणा या पालींना मानवत नाही, आणि त्यांचे बहुतेक अनुभवी पालक व पशुवैद्य संत्री, मोसंबी व लिंबू वर्ज्यच मानतात. संत्री घरच्यांनी खावीत.

मग त्याने खावे काय? न्यू कॅलेडोनियाच्या जंगलात ही पाल पिकलेली फळे, फुलांतील मकरंद आणि पराग, आणि सापडतील तसे किडे खाते. म्हणजे ती पूर्ण शाकाहारी नाही आणि आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी निव्वळ किड्यांवर जगणारीही नाही. हा मिश्र आहार घरच्या घरी अचूक जुळवणे जवळजवळ अशक्य आहे, म्हणूनच तुमच्या मुलाने ती पावडर आणली होती. खास क्रेस्टेड गेकोसाठी बनवलेल्या या पावडरीत फळे, प्रथिने, कॅल्शियम, ड३ आणि इतर जीवनसत्त्वे ठरलेल्या प्रमाणात असतात. हे प्राणी पाळणाऱ्यांत रेपाशी आणि पँजिया ही नावे सर्वाधिक परिचित आहेत. नावे केवळ ओळखीसाठी सांगतो. पाकिटावर ‘क्रेस्टेड गेकोसाठी संपूर्ण आहार’ असे लिहिले आहे का आणि मुदत उलटलेली नाही ना, हे पाहणे नावापेक्षा महत्त्वाचे आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे सरळ आहे : या पावडरीला कायमचा घरगुती पर्याय नाही. पूर्वी या पाली पाळणारे लोक लहान मुलांसाठी मिळणारा फळांचा लगदा देत असत आणि त्यातूनच हाडांच्या तक्रारी वाढल्या. आपल्याकडे बाळांना देतात ते डब्यातले दूध-धान्याचे पीठही त्याला चालणार नाही. पावडर महाग वाटेल हे मान्य आहे, पण हिशेब करून पाहा. एका प्रौढ पालीला एका वेळी अर्धा चहाचा चमचा सुकी पावडर पुरून उरते आणि आठवड्यातून ती तीनदाच द्यायची आहे. एक लहान पाकीट कित्येक महिने चालते. पाकीट उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावे, कारण आपल्या उष्णतेत जीवनसत्त्वे लवकर नासतात आणि पावसाळ्यात पावडरीचे गोळे होतात. मुलाला आजच मागवायला सांगा.

पावडर कालवण्याची रीत अशी. एक भाग पावडर आणि दोन भाग पिण्याचे पाणी घ्यावे. पाकिटावर वेगळे प्रमाण दिले असेल तर ते पाळावे. खारपाणपट्ट्यातील वाचकांनी बोअरचे खारे पाणी वापरू नये. मिश्रण चमच्यावरून सावकाश ओघळणाऱ्या पिठल्याइतके दाट असावे. चार-पाच मिनिटे ठेवले की ते आळते. बाटलीच्या झाकणाएवढ्या उथळ वाटीत घालून ती वाटी पेटीच्या तळाशी न ठेवता वरच्या अंगाला, फांदीजवळ किंवा भिंतीला लावलेल्या छोट्या फळीवर ठेवावी. ही झाडावरची पाल आहे आणि निरोगी असताना ती खाली उतरून खाण्यास फारशी राजी नसते. दिवेलागणीनंतर वाटी ठेवावी आणि सकाळी उठल्याबरोबर काढून टाकावी. थंड देशांत लोक हीच वाटी दीड दिवस ठेवतात, पण आपल्या हवेत फळांचा गर एका रात्रीत आंबतो.

मुंग्या येणारच. त्यांच्यासाठी खडूची विषारी रेघ ओढू नये, कारण तीच पावडर पालीच्या पायांना लागेल आणि पाय चाटताना पोटात जाईल. आपल्या आज्या दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवीत असत; पेटीच्या तिवईला तीच युक्ती करावी.

एक अडचण तुम्हाला हमखास येईल. गोड केळ्याची सवय लागलेला भुऱ्या पावडरीच्या वाटीकडे पाठ फिरवील. तेव्हा पहिले चार दिवस मिश्रणात चिमूटभर कुस्करलेले केळे वासापुरते मिसळावे, पुढे ते कमी करीत दोन आठवड्यांत पूर्ण बंद करावे. बोटाने किंवा काडीने नाकपुडीच्या खाली, ओठाच्या कडेला मिश्रणाचा एक ठिपका लावला की तो जिभेने पुसून घेतो आणि चव कळते. या पालीला पापण्या नसतात आणि ती स्वतःचे डोळेही जिभेनेच साफ करते, त्यामुळे चाटण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. नाकपुडी मात्र बुजवू नये. तोंड जबरदस्तीने उघडून भरवणे हा उपाय नाही.

पावडर येईपर्यंतच्या आठ-दहा दिवसांसाठी पिकलेली पपई किंवा ताजे अंजीर कुस्करून द्यावे. पपईत कॅल्शियम फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट आणि अंजिरात अडीचपट असते, म्हणून आपल्याकडे सहज मिळणाऱ्या फळांत ही दोन सर्वांत उजवी. साल काढावी आणि पपईच्या बियाही काढाव्यात. या गरावर शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची चिमूटभर भुकटी टाकावी. ती तालुक्याला मिळाली नाही, तर अंड्याची टरफले दहा मिनिटे उकळून, उन्हात वाळवून, मैद्यासारखी वस्त्रगाळ करून तात्पुरती वापरता येतील. टरफल हे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच असते. त्यात ड३ नसते, म्हणून हा कायमचा उपाय नाही.

इथे एक इशारा द्यावाच लागेल, कारण गावात सल्ला देणारे बरेच असतात. गोठ्यातल्या जनावरांचे मिनरल मिक्स्चर त्याला देऊ नका. त्यात फॉस्फरस मुद्दाम घातलेला असतो, शिवाय तांबे आणि जस्तही असते. गायीला पाजतात ते कॅल्शियमचे औषध नको. पानाला लावायचा चुना तर चुकूनही नको, तो तोंड आणि अन्ननलिका भाजून काढील. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्याही कुटून देऊ नयेत, कारण त्यांतील ड३ माणसाच्या वजनाच्या हिशेबाने असते आणि चाळीस ग्रॅमच्या जिवाला ते जास्त झाले तर अवयवांत कॅल्शियम साचते. ड३ कमी पडणे जसे घातक, तसे जास्त होणेही घातक.

पावडर सुरू झाल्यावर फळ हे तोंडी लावण्यापुरते राहील. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा, तेही अर्धा चमचा. पपई आणि अंजीर सोडून आंबाही चालतो. आंब्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे कमीच असते, पण हंगामात दोन-तीनदा दिल्याने काही बिघडत नाही. केळे क्वचित, सणासुदीसारखे. पालक देऊ नये. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. कांदा, अव्होकाडो आणि मसाल्याचे किंवा शिजवलेले काहीही नको.

आता किड्यांचा विषय, आणि यात मी जरा कठोर होणार आहे. अंगणातल्या दिव्याखालचे किडे बंद करा. तुमच्या घराभोवती कपाशी, तूर आणि सोयाबीन असणार आणि त्यांवर फवारणी होत असणार. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण कोणी विसरलेलो नाही. ज्या औषधाने धडधाकट माणूस आडवा होतो, त्याचा अंश अंगावर घेऊन एखादा किडा रात्री तुमच्या दिव्याकडे येतो. तो किडा मरायचा राहिला म्हणजे बिनविषारी आहे असे नव्हे. त्यातच पावसाळ्याच्या तोंडावर काजवे येतात. काजव्यांच्या शरीरात पालींच्या हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि एखादाच काजवाही पाळीव सरड्याचा जीव घेऊ शकतो. शेतातले नाकतोडे आणि रातकिडे यांच्या पोटातून जंतही येतात. गड्याला हे नीट समजावून सांगा. तो बिचारा चांगल्या हेतूनेच रात्री जागतो आहे.

किडे द्यायचेच असतील तर घरी वाढवलेले द्यावेत. पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी वाढवलेले रातकिडे शहरांत मिळतात आणि भुऱ्याला ते उत्तम. खेड्यात वाढवायला सर्वांत सोपी म्हणजे मीलवर्म ही अळी. गव्हाच्या कोंड्याने भरलेल्या डब्यात, झाकणाला बारीक छिद्रे पाडून, वर गाजराची किंवा बटाट्याची चकती ठेवली की ती वाढते. काही दिवसांनी तिचा कोश होतो, कोशातून काळा भुंगेरा निघतो आणि तो पुन्हा अंडी घालतो. मात्र तिचे कवच टणक असते, चरबी अधिक आणि कॅल्शियम फार थोडे, म्हणून ती दोन-तीनच द्यावी आणि रोजची करू नये.

आपल्या विदर्भात याहून चांगला पर्याय आहे आणि तो कोणी फारसा वापरत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. तो म्हणजे तुतीवरची रेशीम अळी. ती मऊ असते, तिच्यात पाणी भरपूर आणि चरबी बेताची असते, आणि जगभरचे सरपटणारे प्राणी पाळणारे लोक तिला उत्तम खाद्य मानतात. वर्धा, अमरावती आणि यवतमाळ या जिल्ह्यांत तुतीची लागवड करणारे शेतकरी आहेत. तुमच्या आसपास चौकशी केली तर एखादा सापडेल. रेशीम अळी कीटकनाशकाला इतकी नाजूक असते की तुतीवर कोणी सहसा फवारणी करीत नाही, कारण केली तर अळ्याच मरतात. म्हणजे जिवंत, खाती अळी ही स्वतःच बिनविषारी पाल्याची खूण. फक्त रेशीमघरात रोग टाळण्यासाठी चुना आणि निर्जंतुक करणारी भुकटी अळ्यांवर धुरळतात, त्यामुळे भुकटी टाकण्याआधीच्या लहान अळ्या मागून घ्याव्यात आणि दोन दिवस घरी स्वच्छ तुतीच्या पाल्यावर ठेवाव्यात. मोठी अळी भुऱ्याच्या घशात मावणार नाही. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर होणारी टसरची अळी वेगळी, ती फारच मोठी असते.

किडा कोणताही असो, तो पालीच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा रुंद नसावा. देण्याआधी एक-दोन दिवस त्याला चांगले खाऊ घालावे, म्हणजे त्याच्या पोटातले पोषण भुऱ्याच्या पोटात जाते. रातकिड्यांना आणि मीलवर्मला शेवग्याचा पाला घालावा, त्यात कॅल्शियम भरपूर असते आणि तो आपल्या दारात फुकट असतो. तुतीची अळी मात्र तुतीशिवाय दुसरे काही खाणार नाही. देताना किड्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळून घ्यावे. पावडरीतून ड३ मिळत असल्यामुळे ही भुकटी ड३ विरहित घ्यावी. आठवड्यातून एकदा चार-पाच किडे पुरतात, आणि न खाल्लेले रातकिडे सकाळी काढून घ्यावेत, नाहीतर ते झोपलेल्या पालीचेच कातडे कुरतडतात.

किती वेळा, हाही तुमचा प्रश्न होता. वर्षाच्या आतील पिल्लाला रोज खायला लागते. भुऱ्या पूर्ण वाढलेला असल्याने सोमवार, बुधवार आणि शुक्रवार पावडर व रविवारी किडे एवढे पुरेसे आहे. वाटी अर्धी उरली तरी घाबरू नये, या पाली थोडेथोडेच चाटतात. निरोगी प्रौढ पाल आठवडाभर कमी खाऊनही तग धरते. पाणी मात्र रोज हवे. ती वाटीतल्या पाण्यापेक्षा पानांवरचे थेंब चाटणे पसंत करते, म्हणून संध्याकाळी पेटीत फवारा मारावा. एप्रिल-मेमध्ये सकाळीही एकदा मारावा. पावसाळ्यात मात्र हात आखडता घ्यावा, नाहीतर पेटीत बुरशी धरते. फवाऱ्याची बाटली नवी असावी. शेतात औषधासाठी वापरलेली बाटली कितीही धुतली तरी चालणार नाही.

जबड्यासाठी त्याला तज्ज्ञाकडे न्यावेच लागेल. आहार सुधारल्याने हाडे आणखी झिजणे थांबते, पण आधी झालेली झीज भरून काढण्यासाठी कॅल्शियमची मात्रा वजनावर ठरवून द्यावी लागते आणि ती पत्रातून सांगणे बरोबर होणार नाही. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून सरपटणारे प्राणी पाहणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारून घ्या. प्रवास पहाटे करा. झाकणाला छिद्रे पाडलेल्या डब्यात ओलसर कापडावर त्याला ठेवा आणि तो डबा मांडीवर सावलीत धरा. गाडीत काचेपुढे ठेवू नका. शेपटीला धरून कधी उचलू नका. आपल्या घरातल्या पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते, क्रेस्टेड गेकोची येत नाही. मुलाकडे खरेदीची पावती असल्यास ती जपून ठेवा आणि नोंदणीची गरज आहे का, हे वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या.

एक शेवटचे काम. पूर्ण वाढलेल्या क्रेस्टेड गेकोचे वजन साधारण ३५ ते ५० ग्रॅम असते, आणि घरातल्या तराजूवर एवढा बारीक फरक कळत नाही. गावातल्या सराफाकडे विनंती करून, झाकणाच्या डब्यासह, भुऱ्याचे वजन आज एकदा करून घ्या, डब्याचे वजन वजा करा आणि वहीत लिहा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा फार महाग नसतो, तो आणलात तर दर रविवारी किडे देण्याआधी घरीच वजन करता येईल. वजन दहावा हिस्सा घटले, पाय थरथरू लागले किंवा तो काचेवरून घसरू लागला, तर नागपूरच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी निघा. तसे काही नसेल तर एक महिन्याने चार रविवारचे चार आकडे मला लिहून पाठवा. पुढच्या आहाराचे त्यावरून ठरवू.